व्याह्याच्या घरची सुटलेली पट्टी

पालमच्या एसटी स्टँडमागं पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात आश्रुबा सुतार गेली चाळीस वर्षं लाकडाशी आणि गिऱ्हाइकाशी भांडत बसलेला आहे. लाकूड त्याचं ऐकतं, गिऱ्हाईक ऐकत नाही, एवढाच काय तो फरक. तिफण, वखर, बाज, देव्हारा, दाराची चौकट, जे सांगाल ते आश्रुबा करून देतो, पण त्याच्या तब्येतीनं. कोणी 'जरा लवकर द्या' म्हणालं की तो समोरच्या बाभळीच्या ओंडक्याकडं बोट दाखवतो आणि म्हणतो, "माझ्या हातात काय हाय? ह्याला सांगा. ह्यो वाळला की देतो."

सनमायकाच्या फर्निचरवर तर त्याचा पहिल्यापासून राग. भुसा गोंदात कालवायचा, दाबायचा, वरून चकचकीत कागद डकवायचा आणि त्याला कपाट म्हणायचं, ही त्याच्या मते सरळ सरळ फसवणूक. एकदा शाळेतले एक गुरुजी टीव्हीच्या स्टँडची निघालेली पट्टी घेऊन त्याच्याकडं आले. आश्रुबानं ती पट्टी चिमटीत धरून उन्हाकडं केली, उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली. म्हणाला, "गुरुजी, हे लाकूड न्हाई, पापड हाय. किराणा दुकानात इचारा." गुरुजी वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. आश्रुबाला ते कळलंसुद्धा नाही.

आणि हाच आश्रुबा दीड वर्षापूर्वी परभणीच्या बाजारातून सनमायकाचं कपाट विकत घेऊन, टेम्पोत आडवं घालून, त्याला ओरखडा पडू नये म्हणून स्वतः त्याच्याशेजारी उकिडवा बसून व्याह्याच्या घरी गेला. पालमात महिनाभर हाच विषय होता. सुतारानं कपाट विकत आणलं म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणल्यासारखं झालं. ज्याला त्याला दात काढायला निमित्त मिळालं.

त्याला इलाज नव्हता. मुलगी वैष्णवी सातवीत होती तेव्हापासून त्यानं सागाच्या चांगल्या फळ्या पत्र्याखाली वाळत टाकल्या होत्या. तिच्या लग्नात तिला आपल्या हातचं कपाट द्यायचं, ही त्याची एकच हौस. पण लग्नाच्या बोलणीच्या वेळी व्याही बालाजीरावांनी घसा साफ करून सांगितलं की सागवानाची फॅशन आता गेली, आरसा लावलेलं, चकचकीत, रेडिमेड कपाट असलं तर बरं दिसेल. गंमत अशी की हे बालाजीराव जातीनं सुतारच. सात पिढ्या गंगाखेडात रंधा मारण्यात गेलेल्या. आठव्या पिढीत हे शिकले, सरकारी कचेरीत चिकटले आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. खिळा ठोकायचा म्हटलं तरी ते शेजाऱ्याला हाक मारत. मुलीचा बाप म्हणून आश्रुबानं मान डोलावली. घरी आल्यावर त्या रात्री तो जेवला नाही, एवढं सुमनबाईनं, त्याच्या बायकोनं, पाहिलं.

असल्या कपाटाच्या दाराला चारी कडांनी बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली असते. आतला भुसा दिसू नये म्हणून. ती पट्टी जागेवर आहे तोवर कपाट साहेब असतं. ती सुटली की आतलं सगळं उघड्यावर येतं.

बालाजीरावांच्या घरी ती आठ महिन्यांत सुटली. सुटणारच. विहीणबाई सरजाबाईंना स्वच्छतेचा असा सोस की सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय मनात येईल तेव्हा त्या नळाला पाइप लावून सगळी फरशी धुवायच्या. पाणी कपाटाच्या बुडाशी जाऊन बसायचं. भुसा ते पाणी प्यायचा आणि फुगायचा. फुगलेल्या भुशानं एक दिवस पट्टीला बाहेर ढकललं. पण पाण्याला दोष कोण देणार, ते तर धार्मिक होतं. दोष कपाटाला आला, आणि कपाटाचा म्हणजे ते आणणाऱ्याला. वैष्णवीच्या खोलीतून जाता-येता लोंबणाऱ्या पट्टीत सरजाबाईंची चांगली साडी अडकून तिचा धागा ओढला गेला, तेव्हापासून तर रोजच सुरू झालं. बाप सुतार, आणि पोरीला दिलं काय तर भुसा.

वैष्णवी फोनवर तक्रार करणारी पोरगी नव्हती. पण सातवा महिना लागला, डोहाळजेवणाचा रविवार ठरला, तेव्हा बुधवारी तिनं बापाला दुकानावर फोन केला.

"आण्णा, समद्या बाया माझ्याच खोलीत बसणार हायेत. मनकर्णा आत्याबी येणार हायेत. ती पट्टी आता गुडघ्यापर्यंत निघालीय."

मनकर्णा आत्या म्हणजे बालाजीरावांची थोरली बहीण. त्यांच्या नजरेला जे पडे ते आठवड्याभरात तीन तालुक्यांना कळे.

"मग?" आश्रुबा म्हणाला.

"तुमी येणारच हाव ना आईसंगं. तेवढी बसवून जाता का? पण कोणाला कळू देऊ नका. कळलं तर म्हणतील, बापाला बोलावून घेतलं." मग सासऱ्यांचं नाव काढून ती म्हणाली, "मामा रोज बोलतेत, आण्णा. जेवायला बसले तरी."

आश्रुबानं फोन ठेवला आणि हातातला रंधा खाली ठेवला. त्याला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. चाळीस वर्षांत त्याच्या हातच्या चौकटीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आता जे त्यानं केलंच नाही त्याच्यापायी त्याची लेक जेवताना बोलणी खात होती.

अडचण अशी होती की पट्टी कशी बसवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हिणवण्यात गेली, शिकणार कधी. त्यानं त्या संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पिवळा रबरी गोंद आणला, पट्टीची एक गुंडाळी आणली आणि घरी येऊन टीव्हीच्या स्टँडपुढं बसला. हा स्टँड सुमनबाईनं त्याच्याशी दोन महिने अबोला धरून मिळवलेला होता. त्याची पट्टी अगदी धडधाकट होती. आश्रुबानं पटाशी घालून ती टरकन उपटली.

सुमनबाई भाकरी थापत होती. तिनं तिथूनच पाहिलं. "आवं, चांगली व्हती ना ती," ती म्हणाली.

"चांगलीच पायजे. वाईटावर शिकून काय उपेग."

पहिल्यांदा त्यानं गोंद थापला आणि लगेच पट्टी दाबली. ती सरकत सरकत खाली येऊन त्याच्या मांडीला चिकटली. दुसऱ्यांदा सुमनबाईच्या पदराला. गुरुवारी दिवसभर दुकान बंद होतं आणि घरातून ज्या शिव्या ऐकू येत होत्या त्या शेजाऱ्यांना नव्या होत्या. तिसऱ्या खेपेला त्यानं डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, आणि मग त्याला उमगलं. गोंद दोन्हीकडं लावायचा, फळीलाही आणि पट्टीलाही, अगदी पातळ. मग पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. बोट लावलं तर चिकटू नये इतका तो सुकू द्यायचा. सुकल्यावर एकदाच टेकवायचं, आणि टेकवलं की संपलं. पुन्हा हलत नाही, देव आला तरी.

"ह्ये तर बरं हाय की," तो सुमनबाईला म्हणाला. त्याच्या आवाजात सनमायकाबद्दल पहिल्यांदाच थोडी अदब होती. बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. सुमनबाईच्या पिशवीत हिरवी साडी, खारकांचे लाडू आणि खोबरं. आश्रुबाच्या पिशवीत वर करंज्यांचा डबा, आणि डब्याखाली जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली पटाशी, पॉलिशपेपर, गोंदाचा डबा, ब्रश आणि पट्टीची गुंडाळी. गंगाखेडला गाडी बदलताना गोंदाचा वास करंज्यांना लागतोय असं सुमनबाई म्हणाली. आश्रुबा म्हणाला, व्याह्याला खाऊ दे.

परभणीत व्याह्याचं घर म्हणजे चांगलं स्लॅबचं, पुढं जाळीचा गेट. गेटपाशीच बालाजीरावांनी आश्रुबाच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला आणि आश्रुबानं ती अशी मागं ओढली की काही चोरीचा माल असावा. इथून पुढं जे सुरू झालं त्याचा आश्रुबानं हिशेबच धरला नव्हता. व्याही घरी आलेला. म्हणजे त्यानं कशालाही हात लावायचा नाही, जागचं उठायचं नाही, पाणी स्वतः घ्यायचं नाही. तो हलला की यजमानाची अब्रू हलते. आधी पाय धुवायला गरम पाणी आलं. मग दिवाणावर नवी चादर टाकून त्याला बसवलं. मग कुंकू, टोपी, टॉवेल. टोपी दोन बोटं लहान होती, ती डोक्यावर उभीच राहिली. मग चहा, मग पोहे, मग परत चहा.

आश्रुबाची नजर आतल्या खोलीकडं. तिथं कपाट होतं, आणि कपाटाच्या खालच्या अंगावर कोणीतरी फुलाफुलांचा टॉवेल मोठ्या खुबीनं लटकवलेला होता.

"जरा हात धुऊन येतो," म्हणून तो उठला. बालाजीराव तांब्या घेऊन मागं. "जरा लेकीला बघतो," म्हणून उठला. बालाजीरावांनी वैष्णवीलाच बाहेर बोलावलं. हिरव्या साडीत अवघडून चालत ती आली, बापाच्या पाया पडायला लागली तेव्हा त्यानं तिला वरच्या वर धरलं. तिनं हळूच विचारलं, "आणलं का?" त्यानं डोळ्यानंच हो म्हटलं. एवढंच. बालाजीराव दोघांच्या मधोमध उभे राहून हवापाण्याविषयी बोलत होते.

दुपारची जेवणं झाली. बाया चारला येणार होत्या. जावई गोपाळ फुलांचे दागिने आणायला बाजारात गेला. सुमनबाई आणि सरजाबाई स्वैपाकघरात. अडीच वाजले तरी आश्रुबा दिवाणावरच, आणि बालाजीराव समोरच्या खुर्चीत, पहाऱ्यावर बसल्यासारखे. शेवटी आश्रुबाला सुचलं. व्याह्याला एकटं सोडायची जागा एकच.

"इवाई, डोकं जड झालंय. जरा पडू का?"

बालाजीरावांचा चेहरा कोणी कर्ज माफ केल्यासारखा उजळला. "पडा की. तुमच्या लेकीच्या खोलीत पडा. पंखा चांगला हाय तिथं." त्यांनी स्वतः उशी आणून दिली आणि दार ओढून घेतलं.

आश्रुबानं दहापर्यंत आकडे मोजले, टोपी काढली, पिशवी उघडली. टॉवेल बाजूला केला. कपाटाची अवस्था त्यानं पाहिली आणि त्याला हसावं की रडावं कळेना. पट्टी गुडघ्यापर्यंत निघालेली होती, पण तिला जागेवर ठेवायचे काय काय उपाय झालेले होते. सेलोटेप होता. त्याच्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी होती. खाली दोन टाचण्या ठोकलेल्या, त्या वाकलेल्या. आणि ह्या सगळ्याच्या आत वाळून काचेसारखा झालेला कसला तरी पारदर्शक थर. त्यानं नखानं तो खरवडून वास घेतला. कागदाचा गोंद. लिफाफे डकवायचा.

तो कामाला लागला. टेबलावर इस्त्री होती, ती लावून बनियनच्या कपड्यावरून त्यानं फुगलेल्या कडेतली ओल काढली. पटाशीनं जुना थर सोलला, फुगवटा तासला, पॉलिशपेपर मारला. हात चालायला लागल्यावर त्याला बरं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदाच. गुडघ्याच्या वर पट्टी धड होती, तिथं ती त्यानं पटाशीच्या धारेनं आडवी कापली आणि खालचा तुकडा ओढून काढला. तेवढ्यात दार उघडलं.

आधी एक पाय आत आला. मग एक हात, त्यात गोंदाची बाटली आणि कात्री. मग चोरपावलांनी बालाजीराव. त्यांनी मागं वळून दार लावलं, पुढं वळले, आणि समोर व्याही, जमिनीवर, मांडी घालून, हातात पटाशी.

पंखा फिरत होता.

"तुमी झोपला न्हाईत?" बालाजीराव म्हणाले.

"झोपलो व्हतो."

"मग ह्ये काय करायलात?"

"तुमच्या हातात काय हाय?" आश्रुबा म्हणाला.

बालाजीरावांनी बाटली पाठीमागं नेली. मग त्यांच्या लक्षात आलं की काही उपयोग नाही. ते आधी दाराकडं गेले आणि आतून कडी घातली. "कोणी बघितलं तर माझं तोंड काळं होईल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "इवाई घरी बोलावला आन् कामाला लावला म्हणतील. उठा, हात जोडतो, उठा."

"आता उठलो तर कपाटाची कड उघडीच ऱ्हाते. बघा की, भुसा दिसायलाय." आश्रुबानं गोंदाच्या डब्याचं झाकण उघडलं. "ही टेप, ह्या टाचण्या, ह्यो कागदाचा गोंद. कोणाचं काम म्हणायचं?"

बालाजीराव पलंगाच्या कडेवर टेकले. सबंध नोकरीत कोणी त्यांना इतका सरळ प्रश्न विचारला नसावा. "माझं," ते म्हणाले. "चार डाव बसवली. ऱ्हातच न्हाई. बाहेरून सुतार बोलवावा तर लोक हसतील, आडनाव काय आन् बोलावतो कोणाला."

"आन् निघाली की?"

"निघाली की राग यायचा."

"कोणाचा?"

बालाजीराव हातातल्या बाटलीचं झाकण फिरवू लागले.

आश्रुबानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आता मात्र त्याला राहवलं नाही. "इवाई, हाताला हुन्नर तुमच्या न्हाई, आन् बोलणी माझ्या लेकीला. जेवताना. सातवा महिना लागलाय तिला." त्यानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "बोलायचं व्हतं तर मला बोलायचं. पालमला फोन लावायचा आन् मला शिव्या द्यायच्या. मी खाल्ल्या असत्या."

बालाजीरावांनी खाली पाहिलं. माणूस तसा दुष्ट नव्हता, नुसता आखडू होता, आणि आखडूपणा उतरायला कधी वेळच मिळाला नव्हता. "चुकलं," ते म्हणाले. रिटायर हेडक्लार्कच्या तोंडून तोंडी चुकलं निघणं ही मोठीच गोष्ट. लेखी मागितलं असतं तर मिळालं नसतं.

आश्रुबानं फळीच्या कडेला गोंदाचा पातळ हात दिला, मग गुंडाळीतून कापलेल्या नव्या पट्टीच्या पाठीला. पट्टी वर्तमानपत्रावर पालथी ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"आता लावा की," बालाजीराव म्हणाले.

"आता न्हाई. पंधरा मिन्टं."

"पंधरा मिन्टं काय करायचं?"

"काय न्हाई. बसायचं. तुमी तिकीट डकवल्यावानी डकवायलात, म्हणून निघायलीय. फरशीच्या पाण्यानं कड फुगली व्हती, ती इस्त्रीनं वाळवली."

बालाजीराव पलंगावरून उतरले आणि जमिनीवर बसले, इस्त्रीचा पायजमा न सांभाळता. जरा वेळानं पटाशी उचलून तिची धार अंगठ्यावर पाहू लागले. पकडलेली चुकीची होती, पण आश्रुबानं सांगितलं नाही.

"आमच्या वडलांची असलीच व्हती," बालाजीराव म्हणाले. "सा वर्षांचा असेन. हात लावला तर त्यांनी अशी ठिवून दिली की दोन दिवस कान वाजायला. मनले, पुन्हा हत्याराला हात लावशील तर बोटं तोडीन, शाळेत जा." त्यांनी पटाशी खाली ठेवली. "गेलो शाळेत. आता कोणी सुतार म्हटलं की लाज वाटते, आन् पट्टी निघाली की त्याहून वाटते."

आश्रुबाच्या बापानं त्याला सहाव्या वर्षीच रंध्याला जुंपलं होतं, शाळेसाठी त्यानं दोनदा मार खाल्ला होता. तो म्हणाला, "पाच मिन्टं झाली."

तेवढ्यात दारावर थाप पडली. "आवं," बाहेरून सरजाबाईंचा आवाज, "मनकर्णाबाई आल्या. बाया यायलात. इवायाला उठवा की."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. फळी उघडी, पट्टी पालथी, जमिनीवर भुसा, आणि गोंद अजून ओला. आश्रुबानं तोंड उघडलं आणि घोरायला सुरुवात केली. खोल, संथ, पोटातून. बालाजीरावांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही घोरायला सुरुवात केली.

बाहेर सरजाबाई कोणाला तरी म्हणाल्या, "दोघंबी झोपलेत वाटतं. कडी लावून."

"कडी कामून?" हा आवाज मनकर्णा आत्यांचा होता.

आतली दोन्ही घोरणी जोरात झाली. घोरता घोरता बालाजीरावांनी टॉवेलनं जमिनीवरचा भुसा पलंगाखाली सारला, आश्रुबानं इस्त्री टेबलावर ठेवली. दहा मिनिटं त्या खोलीतून असा आवाज येत होता की स्वैपाकघरात सुमनबाईनं कपाळाला हात लावला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. आपला नवरा झोपेत चिडीचूप असतो हे तिला माहीत होतं.

मग आश्रुबानं गोंदाला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं. त्यानं बालाजीरावांना खूण केली. पट्टी वरून त्यानं धरली, खालचं टोक बालाजीरावांच्या चिमटीत दिलं. हलक्या आवाजात सांगितलं, "मी म्हणेस्तवर टेकवायची न्हाई. एक डाव टेकली की टेकली." वरून त्यानं ती जुन्या पट्टीला नेमकी भिडवली, अंगठ्यानं दाबत दाबत खाली आला. शेवटच्या चार बोटांवर आला तेव्हा बालाजीरावांचा अंगठा घसरला आणि पट्टी एका तांदळाइतकी बाहेर टेकली. बालाजीरावांनी दचकून वर पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," आश्रुबा म्हणाला. "आता दाबा. जोर लावा. आजून."

बालाजीरावांनी टॉवेलाची घडी करून ती कड अशी दाबली की कपाळाच्या शिरा फुगल्या. मग दोघं मागं सरकून बसले. पट्टी बसली होती. बालाजीरावांनी तिच्यावरून बोट फिरवलं, खालून वर, वरून खाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गोंदाच्या वासानंही येतं.

कडी काढली तेव्हा दारात मनकर्णा आत्या उभ्याच होत्या, मागं सरजाबाई, सुमनबाई, आणि फुलांच्या बाजूबंदात वैष्णवी. आत्यांनी दोघा घोरणाऱ्यांकडं पाहिलं, नाकानं हवा ओढली, आणि त्यांची नजर सरळ कपाटावर गेली.

"ही तर लोंबायलीय म्हणून कानावर आलं व्हतं. कोणी बसवली?"

आश्रुबाची बोटं पिवळी झालेली होती. ती त्यानं खिशातल्या रुमालात, दस्तीत, गुंडाळली. आता सांगावं की गप्प बसावं? सांगितलं तर त्याचं नाव राहत होतं. चार बायांदेखत कळलं असतं की आश्रुबा सुतार भुशालासुद्धा माणसात आणतो. पण मग व्याह्यानं व्याह्याला राबवलं हेही कळलं असतं, आणि ते लेकीच्याच अंगावर आलं असतं. तो काही ठरवायच्या आत बालाजीरावांनी घसा साफ केला.

"मी," ते म्हणाले.

सुमनबाईचा जबडा खाली आला. आश्रुबानं हळूच तिच्या पायावर पाय दिला.

"तू?" मनकर्णा आत्या म्हणाल्या.

"मी. सोपं असतं. लोकांची चूक काय व्हती सांगू का? गोंद लावला की लगेच डकवतेत. तसं न्हाई. दोन्हीकडं लावायचा, पातळ. मग पंधरा मिन्टं थांबायचं. थांबायचं कोणाला जमत न्हाई, तिथंच चुकतं." ते हातवारे करून सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. "ओल आधी काढायची. इस्त्रीनं. फरशी धुताना पाइप लावला की पाणी बुडात जातं, म्हणून फुगतं. आजपासून ह्या खोलीत पाइप बंद. फडकं मारायचं."

सरजाबाई आ वासून बघत राहिल्या. आश्रुबाचा जळफळाट झाला. दोन दिवस टीव्हीच्या स्टँडशी झुंज घेऊन मिळवलेली विद्या हा माणूस पंधरा मिनिटांत घेऊन वर वाटत सुटला होता. च्यामायला, निदान पाइपाचं तरी मी सांगितलं असतं, असं त्याला झालं.

मनकर्णा आत्या इतक्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. "रगत सुताराचंच हाय शेवटी," त्या म्हणाल्या, मग दार बोटानं वाजवून पाहिलं. "पण कपाट भुशाचंच की, बालाजी. पोरीच्या बापानं..."

"मनकर्णाक्का," बालाजीराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कचेरीतला होता. "त्या कपाटाला नाव ठिवायचं न्हाई. कोणीच. एक डाव हातानं बसवलेली वस्तू हाय ती, माझ्या. आपल्या घरचं कपाट हाय. वाजवू नका, पट्टी ओली हाय आजून."

आत्यांनी हात मागं घेतला. इतक्या वर्षांत धाकट्या भावानं असं बोलायची ही पहिलीच खेप असावी. बाया आत येऊ लागल्या, कोणी ओटीचं ताट घेऊन, कोणी पाट घेऊन. सरजाबाईंनी नवऱ्याकडं एकदा, कपाटाकडं एकदा पाहिलं, आणि पदर आवरून कपाटाजवळून गेल्या.

आश्रुबाला तेव्हा कळलं. तो इथं आपलं नाव धुवायला आला होता, ते काही धुतलं गेलं नाही. नाव दुसऱ्याच माणसाला मिळालं. पण आता ह्या घरात त्या कपाटाला भुसा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, कारण म्हटलं की ते बालाजीरावांना लागणार होतं. जेवताना आता लेकीला कोणी काही बोलणार नव्हतं. जळफळाट गेला नाही, पण त्याच्याशेजारी दुसरंही काहीतरी होतं, आणि ते चांगलं होतं.

वैष्णवी कपाटापाशी आली. तिला ओटीसाठी रुमाल काढायचा होता. दहा महिने ती ते दार एका हातानं उघडायची आणि दुसऱ्या हातानं पट्टी धरून ठेवायची. सवयीनं तिचा दुसरा हात आताही पुढं आला आणि तिथंच थांबला. धरायला काही नव्हतं. तिनं दार उघडलं, रुमाल घेतला, आणि दार कोणाची पर्वा न करता धाडकन लावलं. मग बापाकडं पाहिलं. आश्रुबा दस्तीत हात घालून बसला होता.

"आण्णा, झोप झाली का?" ती म्हणाली.

"लय चांगली झाली," तो म्हणाला.

बायांनी गाणं धरलं. पुरुषांनी बाहेर जायचं होतं. निघताना आश्रुबाची नजर कपाटाच्या खालच्या कोपऱ्याकडं गेली. तिथं पट्टी तांदळाइतकी बाहेर होती. बाकी कोणाला दिसली नसती. त्याला मात्र दुसरं काही दिसेना. त्याचे हात शिवशिवले. पिशवीत पॉलिशपेपर होता, दोन मिनिटांचं काम होतं. दाराशी बालाजीराव त्याची ती लहान टोपी हातात घेऊन वाट पाहत उभे होते. आश्रुबानं कोपऱ्याकडं पाठ केली आणि तो बाहेर गेला.